खांदेरीचा दिवा
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात बोरिवली येथे केलेले भाषण)



अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपर-मुलुंडकडे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची सहल यंदा खांदेरीच्या दीपगृहास गेली होती. तिचा वृत्तान्त आपणांपुढे ठेवावा, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो.

गेटवेहून लाँचने मांडवा, तेथून गाडीने थळ आणि थळच्या किनाऱ्यावरून कोळी बांधवांच्या होडीने खांदेरी, असा हा मार्ग आहे. उंचवट्यावरील अष्टकोनी मनोरा लांबूनच दृष्टीस पडतो. सुमारे २५ मीटर उंचीचे हे दीपगृह १८६७ साली उभे राहिले. मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजांना या भागातील खडकांपासून सावध करणे, हे त्याचे काम. कुलाब्याच्या टोकापलीकडील प्राँग्जचे दीपगृह त्यानंतरचे, १८७५ सालचे होय. खाली तटबंदी, चाकांच्या लोखंडी गाड्यांवर ठेवलेल्या जुन्या तोफा, कोळ्यांचा श्रद्धेय वेताळ आणि आघात करताच धातूसारखा नाद देणारा एक खडक, एवढे सारे त्या लहानशा बेटावर पाहावयास मिळते.

परंतु ज्या तटाच्या आत हा दिवा जळतो, तो तट कोणी उभारला? १६७९ च्या ऑगस्टात शिवछत्रपतींच्या आज्ञेने मायनाक भंडारी दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन या बेटावर उतरला. खांदेरीवर किल्ला झाला, तर मुंबईच्या नाकासमोर मराठ्यांची चौकी बसणार, हे इंग्रजांनी ओळखले व गलबते पाठवून बेटास वेढा घातला. सप्टेंबरातील झटापटीत त्यांचा एक अधिकारी पडला. १८ ऑक्टोबरच्या लढाईत दौलतखानाच्या आरमाराने त्यांचे ‘डोव्हर’ हे गलबत पकडले. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून. आपल्या होड्या उथळ बुडाच्या आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्रीच्या काळोखात त्या पहाऱ्यातून निसटून बेटावर रसद पोहोचवीत आणि बांधकाम चालूच राही. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी वेढा उठविला. जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, पण खांदेरी मराठ्यांचीच राहिली. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या अमलात, १७१८ साली, इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला, तोही फसला.

अभिमानाच्या या कथेबरोबर दुसरी गोष्टही आपण मुलांस सांगितली पाहिजे. त्याच काळात मुंबई बेटावर गव्हर्नर आँजियरने बंदोबस्तासाठी जी पथके उभारली, ती भंडाऱ्यांचीच होती. मुंबईच्या पोलिसांचे मूळ तेथे सांगितले जाते. म्हणजे खाडीच्या एका तीरावर आपले पूर्वज स्वराज्याचा तट रचीत होते, तर दुसऱ्या तीरावर आपलेच पूर्वज कंपनीची रखवाली करीत होते. यांतील एकाच बाजूस आपले म्हणून दुसरीस विसरणे हे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे नव्हे. दर्यावरचे धैर्य आणि पोटासाठी पत्करलेली चाकरी, हा दोन्ही प्रकारचा वारसा आपल्या घरांत आलेला आहे.

१९९८ साली बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले. नौदलाच्या पाणबुडीनेही ‘खांदेरी’ हे नाव धारण केले आहे. आणि ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत खांदेरी आहे. हा आनंद थोर खराच. तथापि शासनाने मान दिला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे नव्हे. उपनगरांतील आपल्या मुलांना समुद्र म्हणजे जुहूची चौपाटी एवढेच ठाऊक. वल्हे, सुकाणू, डोलकाठी हे शब्द, माडावर चढणाऱ्या आजोबांच्या कमरेचा आकडा, गावच्या बंदराचे नाव, ही संपत्ती वृद्धांबरोबर नाहीशी होत आहे.

म्हणून आमची दोन नम्र विनंत्या आहेत. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी एकदा मुलांस खांदेरीस न्यावे आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून या स्मरणिकेकडे धाडाव्यात. मायनाकाच्या माणसांनी काळोखाचा आश्रय घेऊन जो तट बांधला, त्याच्या आत आज सर्व देशांच्या जहाजांकरिता दिवा लागतो. त्या तटाची कथा मात्र आपल्याच घरांतून सांगितली गेली पाहिजे.