दुरुस्तीच्या हत्याराची दुरुस्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत तोंड उघडण्याचा प्रसंग आजवर उखाणा घेण्यापुरताच आला. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "गेल्या दिवाळीत मंडळाचा संगणक बंद पडला आणि तुम्ही तो चालू केलात, तेवढे सांगा." खरे सांगायचे तर तो बंद पाडलाही मीच होता. तेव्हा दोन्ही सांगते.

आपल्या खोलीतला संगणक जुना आहे. माझ्या मुलीने त्याच्यावर डेबियन नावाची व्यवस्था बसवून दिली. यंत्र सुरू झाले की पडदा, कळा, छपाई या सगळ्यांना कामाला लावणारी जी मूळ व्यवस्था असते, ती ही. ती विकत घ्यावी लागत नाही, आणि ती कशी लिहिली आहे हे कोणालाही उघडून पाहता येते. इयान मर्डॉक नावाच्या तरुणाने 1993 साली ती सुरू केली. आपल्या मैत्रिणीचे डेब्रा हे नाव पुढे व स्वतःचे मागे जोडून त्याने डेबियन हे नाव केले. बायकोचे नाव बदलायला लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

या व्यवस्थेत शेकडो लहानमोठे कार्यक्रम असतात. कोणात दोष सापडला की तो दुरुस्त होऊन नवी प्रत येते. ती आणून बसवणारे जे हत्यार आहे, त्याला एपीटी म्हणतात, आणि त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष बसवण्याचे काम डीपीकेजी नावाचा दुसरा गडी करतो. आणणारा एक, मांडणारा दुसरा, असे समजा.

दिवाळीच्या आधी फराळाच्या मागण्या, कोणी किती आगाऊ दिले, कोणाचे किती येणे, हे सगळे त्या संगणकात होते. पंधरा बायकांची मजुरी त्यावरून वाटायची. त्या दुपारी अपडेट आले आहे अशी सूचना दिसली. मुलीने बजावले होते, की अपडेट करताना वीज जाता कामा नये. मी म्हटले, दहा मिनिटांचे तर काम. कळ दाबली आणि चकलीच्या भाजणीकडे वळले. सातव्या मिनिटाला वीज गेली.

वीज आली तेव्हा नेहमीचा पडदा दिसेना. काळा पडदा आणि पांढरी इंग्रजी अक्षरे. माझ्या हातापायांतले बळच गेले. खजिनदारबाई शेजारी उभ्या होत्या, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

मुलीला पुण्याला फोन लावला. म्हटले, "अगं, बंद पडला." ती म्हणाली, "आई, बंद पडला असं नको सांगूस. पडद्यावरची शेवटची ओळ वाच." मी एकेक अक्षर वाचले. मग तिने सांगितले तसे नाव आणि परवलीचा शब्द घातला, अपडेटची आज्ञा पुन्हा लिहिली. तर काय, हत्याराने स्वतःच सांगितले, की डीपीकेजीचे काम मध्येच तुटले आहे, आणि पुढे काय लिहावे तेही तिथेच दिले. मी ते लिहिले, दोन आडव्या रेघा, कॉन्फिगर, मग एक रेघ आणि ए. अक्षरे भराभर धावू लागली. पाव तासाने नेहमीचा पडदा आला आणि हिशेब होता तसा निघाला.

रात्री मुलीला विचारले, की हे असे कसे झाले. ती म्हणाली, की हिशेबाच्या वहीला ते हत्यार हात लावतच नाही, तू उगीच घाबरलीस. आणि मांडणारा गडी प्रत्येक वस्तूची नोंद ठेवतो. ही नुसती उलगडली, ही अर्धी लावली, ही पूर्ण झाली. त्यामुळे वीज गेली तरी काम कुठे थांबले ते त्याला कळते. "कोणीतरी कधीतरी वीज जाईल हा विचार करून ठेवला होता, आई."

त्या एका वाक्यावरून मला या विषयाचा नाद लागला. दुसऱ्या कशात दोष निघाला तर हे हत्यार दुरुस्ती आणते. पण या हत्यारातच दोष निघाला तर? दुरुस्ती आणायची ती त्याच्याच हाताने ना?

असे खरोखरच घडले, 2019 च्या जानेवारीत. ते मी माझ्या भाषेत सांगते. एपीटी स्वतः बाजारात जात नाही, निरोप्याला पाठवते. निरोप्या माल आणतो आणि एका चिठ्ठीवर लिहून देतो, की माल मिळाला, त्याची खूण अमुक. एपीटी ती खूण मोहोरबंद यादीशी ताडून पाहते. जुळली तरच माल घरात. व्यवस्था चांगली. पण कधी दुकानदार म्हणतो, माल इथे नाही, पलीकडच्या दुकानी जा. निरोप्या तो पत्ता जसाच्या तसा चिठ्ठीवर उतरवी. वाटेत बसलेल्या लबाडाने त्या पत्त्याच्या पोटातच आणखी ओळी घुसडल्या, की 'माल मिळाला, खूण बरोबर', तर घरची बाई त्या ओळी निरोप्याच्याच समजे. माल खोटा, पण खूण यादीशी जुळते! आणि हे हत्यार यंत्रात सर्वाधिकारी असते, म्हणजे तो खोटा माल थेट देवघरापर्यंत.

एका संशोधकाने हा दोष शोधला. त्याने तो आधी सांभाळणाऱ्यांना कळवला, आणि 22 जानेवारीला दुरुस्ती व जाहीर सूचना बरोबरच आली. त्या सूचनेत मला आवडलेली गोष्ट अशी, की नुसते 'अपडेट करा' एवढे म्हणून ते थांबले नाहीत. ज्या वाटेने चोर येतो त्याच वाटेने औषध आणा, असे कसे सांगणार? म्हणून त्यांनी सांगितले, की एवढ्या वेळेपुरते निरोप्याला पलीकडच्या दुकानी जाण्याची मनाई करा, आणि ती मनाई करणारी आज्ञा अक्षर न् अक्षर लिहून दिली. ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी माल थेट उचलून आणण्याचे पत्ते व पडताळण्याच्या खुणाही दिल्या.

दुसरी हकीकत 2021 ची, आणि तीत चोर कोणीच नाही. कॅनडातले एक फार प्रसिद्ध व्हिडिओवाले गृहस्थ डेबियनच्याच कुळातली पॉप ओएस नावाची व्यवस्था वापरून पाहत होते. त्यांना खेळांचा एक कार्यक्रम बसवायचा होता. तिथल्या मालात त्या दिवसांत काही विसंगती होती, त्यामुळे हत्याराने हिशेब मांडला, की हा खेळ घ्यायचा तर बाकीचे सामान काढावे लागेल. त्याने लांबलचक यादी दाखवली, हे घातक असू शकेल असा इशारा दिला, आणि म्हटले, पुढे जायचेच असेल तर 'येस, डू अ‍ॅज आय से!' हे पूर्ण वाक्य लिहा. गृहस्थांनी लिहिले. पडद्यावरचे सगळे घरच गेले, राहिली माझ्यासारखीच काळी पाटी. लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला.

यावर पुष्कळ वाद झाला. कोणी म्हणे, इशारा वाचायला नको? मुलीचेही मत तेच होते. मी तिला म्हटले, उंदराच्या औषधाच्या डब्यावर 'विष' अशी चिठ्ठी लावलेली असली, तरी तो साखरेच्या डब्याशेजारी ठेवतो का आपण? घाईच्या वेळी चिठ्ठी कोण वाचतो? इशाऱ्यामागून इशारे देणाऱ्याचे इशारे कोणी ऐकत नाही, हे पोरे वाढवलेल्या बाईला सांगायला नको. सांभाळणाऱ्यांनाही ते पटले असावे. त्याच वर्षी त्यांनी हत्यार असे बदलले, की अत्यावश्यक सामान नुसत्या होकाराने निघत नाही. ते चूक दाखवून थांबते. पुढे 2025 सालच्या आवृत्तीत त्यांनी काढायच्या वस्तू यादीच्या शेवटी आणि तांबड्या अक्षरांत आणल्या. आपल्या संगणकावर आता तशाच दिसतात. तांबडे दिसले की मी हात मागे घेते.

हे सांभाळणारे लोक कोण? जगभर विखुरलेले. काहींना कंपन्या पगार देतात, पुष्कळजण आपापल्या वेळात करतात. त्यांच्याकडे दोष कळवायचा तर पत्र लिहायचे, त्याला क्रमांक मिळतो, आणि ते कोणालाही वाचता येते. असे क्रमांक दहा लाखांच्या वर गेले आहेत. अगदी घातक दोषापासून नुसत्या इच्छेपर्यंत त्यांची प्रतवारी आहे. इच्छेचाही रकाना आहे, हे वाचून मला गंमत वाटली. मात्र 'चालत नाही' एवढेच लिहिले, तर 'अधिक माहिती हवी' असा शिक्का बसतो आणि ते पत्र पडून राहते. काय लिहिले, काय घडले, काय घडायला हवे होते, आवृत्ती कोणती, एवढे हवे. दोष समोर उभा करता आला नाही, तर दुरुस्त करणारा तरी काय करील? वैद्याला 'बरे नाही' सांगून चालते का? दिवाळीनंतर मी खोलीत एक वही ठेवली आहे, तारीख, वेळ आणि पडद्यावरची ओळ जशीच्या तशी लिहायला. आतापर्यंत नऊ नोंदी झाल्या. सात माझ्याच चुका होत्या, एक उंदराने कुरतडलेल्या तारेची, आणि एक मुलीने पत्रात घालून पाठवली आहे.

या हत्याराच्या सूचनांचे मराठी भाषांतरही झालेले आहे. कोणा मराठी माणसाने ओळीन् ओळ बसून केले असणार. काळ्या पडद्यावर मात्र देवनागरी उमटत नाही, म्हणून त्या दिवशी मला इंग्रजीच वाचावे लागले. सातवीतल्या इंग्रजीने वेळ निभावली.

अपडेट आता दर शनिवारी तीन वाजता करते. खजिनदारबाई हिशेबाची एक प्रत आधी वेगळ्या डबीवर उतरवून घेतात आणि मगच मला कळ दाबू देतात. विजेसाठी बॅटरी घ्यावी असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे, तो अजून विचाराधीन आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी शनिवारी यावे. लेकरांनाही आणा. एपीटीला 'मू' अशी आज्ञा दिली, की अक्षरांची गाय पडद्यावर येते आणि आज हंबरलात का म्हणून विचारते.