आधी करार, मग काम



मी कॉलेजात शिकलेला नाही. माझी शाळा म्हणजे कारखान्याचे फाटक. म्हणून, आमच्या एका सभासदाने मुलीला कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात धाडायचे ठरविले, तेव्हा मी एवढेच विचारले : करार लेखी आहे काय?

आहे, असे आढळले. १९६० च्या योजनेने तेथे शिडी बांधली : दोन वर्षे कमी खर्चाच्या कॉलेजात, पुढची दोन सरकारी विद्यापीठात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा केंद्रे अटी पुऱ्या करणाऱ्यास प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो देत नाहीत.

मात्र ६० युनिटे भरली की काम फत्ते, असे नव्हे. विषय चुकला, तर केलेले श्रम पदवीच्या हिशेबात धरले जात नाहीत. परदेशी मुलांची फी तर राज्यातल्या मुलांहून कितीतरी जास्त. त्यांचे वाया गेलेले सत्र म्हणजे बापाचा प्रॉव्हिडंट फंड!

कोणता विषय कोठे चालतो, याची यादी तेथे जाहीर असते. मी मुलीला म्हणालो, "पोरी, पहिल्या सत्राआधीच ती पडताळून घे." कामगार आधी दर ठरवितो, मग यंत्राला हात लावतो. विद्येच्या दारातही तोंडी शब्दावर जाऊ नका, कागद मागा.