पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही

दिवसाची कामं उरकून, चुलीपुढं बसून तुम्ही ऐकत असाल. आज आपण शेजारच्या देशांत जरा डोकावू या. कारण मात्र आपल्या घरातलंच आहे.

आमच्या गटातली एक ताई. नवरा वारला, पदरात दोन लेकरं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिनं तालुक्याच्या एका कचेरीत चार हेलपाटे घातले. दर वेळी एकच उत्तर, "पुढच्या आठवड्यात या." चार दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं ते वेगळंच. आम्ही विचारलं, "ताई, अर्जाची पोच कुठं आहे?" ती म्हणाली, "पोच? ती कशाला लागते?" तेव्हा मान आमचीच खाली गेली. कर्जाच्या हप्त्याची पावती जपा, हे आम्ही दर बैठकीत सांगतो. हे मात्र सांगायचं राहूनच गेलं होतं.

बायांनो, भांडण दोन तऱ्हेचं असतं. एक माणसाचं माणसाशी: बांधाचं, पाण्याचं, मजुरीचं. दुसरं आपलं सरकारी कचेरीशी. दोन्हीसाठी कोर्ट आहेच. पण कोर्ट लांब, वकिलाची फी मोठी आणि तारखांना अंत नाही. म्हणून आपल्यासारख्याच शेजारी देशांनी कोर्टाच्या अलीकडे काही लहान दारं केली आहेत.

आधी माणसामाणसांतल्या भांडणाचं बघू. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेनं प्रत्येक गावपालिकेत आणि नगरपालिकेत तीन जणांची न्यायिक समिती ठेवली. गावपालिकेत तिचं काम उपाध्यक्षानं चालवायचं, नगरपालिकेत उपप्रमुखानं. पाण्याचा पाट, पिकाची नासाडी, थकलेली मजुरी, म्हाताऱ्या आईबापांना न सांभाळणं, असल्या तक्रारी तिथं चालतात. निकाल पटला नाही तर ३५ दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं.

तिथं आणखी एक नियम आहे. पक्षानं दोन्ही पदांसाठी उमेदवार दिले, तर त्यांतली एक बाई हवी. म्हणून २०१७ च्या निवडणुकीत बहुतेक ठिकाणी उपपदावर बाया आल्या आणि न्यायाच्या खुर्चीत बसल्या. पण २०२२ मध्ये पक्षांनी युती करून एकेकच पद लढवलं. मग तो नियम लागूच होईना आणि बायांची संख्या उतरली. पहिलं पद तर बहुतेक पुरुषांकडंच राहिलं होतं. खुर्ची मिळाली तरी ती टिकवायला लक्ष ठेवावं लागतं, हे आपणही सरपंचपदाच्या आरक्षणात पाहतोच.

बांगलादेशात २००६ च्या कायद्यानं ग्राम आदालत आहे. आपल्या ग्रामपंचायतीसारखी तिथं युनियन परिषद असते. तिचा अध्यक्ष आणि दोन्ही बाजूंनी निवडलेले दोन-दोन, असे पाच जण निकाल देतात. तिथं वकील उभा करता येत नाही. बाईचं हित गुंतलेलं असेल तर पंचांत बाई घ्यावी, असं २०१३ च्या दुरुस्तीनं ठरवलं.

आपल्याकडं २००७ पासून तंटामुक्त गाव समित्या आहेत. पण त्या समजूत घालतात, कोर्टासारखा निकाल देत नाहीत. ग्राम न्यायालयाचा कायदा २००८ चा आहे, पण ती न्यायालयं सगळीकडं झालेली नाहीत.

आता दुसरं भांडण, कचेरीशी. पाकिस्तानात १९८३ पासून वफाकी मोहतसिब आहे. आपण लोकपाल म्हणतो तसा हा अधिकारी. केंद्र सरकारच्या कचेरीनं काम अडवलं, तर साध्या कागदावर त्याच्याकडं तक्रार करता येते. फी नाही, वकील नाही, आणि ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. वारशाच्या जमिनीतून डावललेल्या बाईनं कुठं जावं? २०२० साली इस्लामाबादसाठी जो कायदा झाला, त्यानं तिला महिलांसाठीच्या लोकपालाकडं दाद मागता येते.

आपल्या महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. इथं पहिली दाद त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडं मागायची. कोणतं काम किती दिवसांत, हे कचेरीत फलकावर लावायचं असतं. अर्ज दिला की तारखेची पोच द्यायची असते. नाकारला तर कारण लेखी द्यायचं असतं. मुदत टळली किंवा नकार आला, की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी आयोगाकडं तिसरं. चुकलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

दारं वेगवेगळी, पण नेपाळच्या समितीपुढं असो की आपल्या तहसिलात, तोंडी बोलण्यावर अपील होत नाही. "पुढच्या आठवड्यात या" हा नकार कुठल्याच कागदावर नसतो. ताईचे चार हेलपाटे खरे होते, पण कचेरीच्या लेखी ती कधी आलीच नव्हती.

पाचव्या खेपेला गटातल्या दोघी तिच्यासोबत गेल्या. अर्ज दिला आणि पोच मागितली. "नंतर देतो" म्हणाले. आमच्या बाया तिथंच बाकावर बसल्या. अर्ध्या तासानं शिक्का मारलेली पोच हातात पडली. मुदत संपायला दोन दिवस असताना दाखलाही मिळाला. आवाज चढवावा लागला नाही, की कुणाच्या पाया पडावं लागलं नाही.

तर या महिन्याच्या बैठकीत एक करू या. गटाच्या वहीत एक पान राखू: कुणी, कुठं, कोणत्या तारखेला अर्ज दिला, पोच क्रमांक काय, मुदत कधी संपते. बचतीचा हिशोब वाचतो तसं तेही पान मोठ्यानं वाचू. आणि गोष्ट कोर्टापर्यंत गेलीच, तर घाबरू नका. १९८७ च्या कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारा, किंवा १५१०० ला फोन करा.

वहीतलं ते पान उद्याच आखा. नमस्कार.