बापाची पदवी लेकराला मिळते का?



आमच्या बोरीवलीत ऐकतो, "बाप शिकला, पोरगं हुशारच निघणार." कमावलेले गुण वारशाने जातात, असे फ्रान्सच्या लामार्कनेही १८०९ साली मांडले होते. जर्मनीच्या वाइसमानने पिढ्यान्‌पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या; पिल्ले शेपटीसकटच जन्मली!

मग आईबापांच्या हाती काहीच नाही? आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या खेड्यांत अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तरी अंगात चरबी जास्त; पुढे मधुमेहाचा धोका. यात आईच्या ताटाचाही वाटा आहे.

म्हणून आपण सुनेला शेवटी नको, आधी वाढू. आणि रामजीबाबांनी भीमरावांना बसवले, तसे पोरांना रोज अभ्यासाला बसवू.

जयभीम! नमो बुद्धाय!