सांधा पारखता येतो, साखळी कशी पारखावी?

शिकाऊ उमेदवारांची परीक्षा कशी घ्यावी हा प्रश्न वरवर पाहता प्रशिक्षण खात्याच्या कचेरीतला वाटतो. चळवळीच्या व्यासपीठावर त्याची चर्चा क्वचितच होते. वस्तुतः नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील कष्टकरी घरांना त्याच्याइतका जवळचा प्रश्न शोधूनच काढावा लागेल. दहावीनंतर आयटीआय, त्यानंतर महावितरणमध्ये किंवा एसटीच्या कार्यशाळेत शिकाऊ उमेदवारी आणि तिच्या अखेरीस हाती पडणारे प्रमाणपत्र, हा शेतमजुराच्या मुलाला खुला असलेल्या थोड्या मार्गांपैकी एक मार्ग आहे. ज्याच्यापाशी जमीन नाही, भांडवल नाही आणि वरपर्यंत ओळखही नाही, त्याची सारी मिळकत म्हणजे तो कागद. तेव्हा तो कागद नेमकी कशाची साक्ष देतो, याचा विचार व्हायला हवा.

या कागदामागे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्या कायद्यान्वये ठरावीक मुदतीचे शिक्षण कामाच्या जागी द्यावयाचे आणि अखेरीस अखिल भारतीय व्यवसाय चाचणी घ्यावयाची, अशी व्यवस्था झाली. या जुन्या चाचणीचा एक मोठा गुण मान्य केलाच पाहिजे. फायलीने घासलेल्या तुकड्याला गुण्या लावला की तो काटकोनात आहे की नाही, हे कोणालाही दिसते. तारेचा सांधा घट्ट आहे की ढिला, हे तो बांधणाऱ्याच्या जातीवर किंवा इंग्रजीवर ठरत नाही. ज्या समाजात तोंडी परीक्षेतील प्रश्न पुष्कळदा आडनाव पाहून बदलतात, त्या समाजात हाताच्या कामाची ही निःपक्षपाती परीक्षा गरिबाच्या बाजूची होती. तिच्यात काही बदल सुचवताना हा गुण गमावला जाणार नाही, याची खबरदारी घ्यावी लागेल.

परंतु बदल सुचवणे भाग आहे. कारण आजच्या कामातील बहुतेक बिघाड एका सांध्यात सापडत नाहीत. गावातील रोहित्र, म्हणजे लोकांच्या बोलीतली डीपी, हे त्याचे रोजचे उदाहरण. रब्बीच्या ऐन भरात डीपी जळते. गावकरी वर्गणी काढतात, ट्रॅक्टरवर घालून ती दुरुस्तीला नेतात, दुसरी आणून बसवतात, आणि काही आठवड्यांत तीही जळते. शिकाऊ वायरमनने प्रत्येक वेळी जोडणी अगदी नियमाप्रमाणे केलेली असते. व्यवसाय चाचणीच्या हिशेबाने तो उत्तीर्ण आहे. गाव मात्र अंधारात आहे.

डीपी का जळते हे पाहू लागले म्हणजे एक साखळी हाती येते. भूजल खाली गेले म्हणून बोअर खोल गेला. बोअर खोल गेला म्हणून पाच अश्वशक्तीच्या मंजुरीवर साडेसातचा पंप बसला. शेतीला वीज मोजके तास मिळते, म्हणून सर्वांचे पंप एकाच वेळी चालतात. जेथे अजून रात्रीची पाळी आहे तेथे मध्यरात्री साप-विंचवाच्या भीतीत विहिरीवर जाण्यापेक्षा शेतकरी ऑटो स्विच लावतो, आणि वीज येताच त्या डीपीवरील सारे पंप एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. कपॅसिटर बसवलेले नसतात. दाब घसरतो; दाब घसरला की तेवढ्याच कामासाठी मोटार आणखी प्रवाह ओढते, तापते आणि जळते. पाणी वेळेवर मिळेल याची खात्री उरत नाही, म्हणून जो तो वीज असेल तोवर उपसा करून ठेवतो. भूजल आणखी खाली जाते, आणि साखळीचे शेवटचे टोक पहिल्या टोकाला येऊन मिळते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल शासन भरू लागले. त्याने शेतकऱ्याच्या डोक्यावरचा एक भार कमी झाला, पण डीपीवरचा भार त्यामुळे कमी होत नाही.

या साखळीतील प्रत्येक माणूस आपापल्या जागी शहाणपणानेच वागत आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. ऑटो स्विच लावणारा शेतकरी चोर नाही आणि फ्यूजच्या जागी जाड तार घालणारा गावचा पोरगा गुन्हेगार नाही. सर्वांच्या शहाणपणातून मिळून एक अनर्थ तयार होतो. तो कसा तयार होतो हे पाहण्याच्या दृष्टीला इंग्रजीत सिस्टिम्स थिंकिंग असे नाव आहे. मराठीत त्याला व्यवस्थाविचार म्हणता येईल. इंग्लंडमध्ये तर अलीकडे या विषयातील शिकाऊ उमेदवारीच सुरू झाली असून तिची अंतिम परीक्षा शिकवणाऱ्या संस्थेहून वेगळ्या, स्वतंत्र संस्थेने घ्यावी असा दंडक तिच्या आरंभी होता. मात्र ती पात्रता पदव्युत्तर पातळीची आहे. जणू समग्र पाहणे हे अधिकाऱ्यांचे काम आणि सांधा बांधणे हे कामगाराचे.

ही वाटणी मराठी माणसाने निमूटपणे स्वीकारण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा शेताची धूप, जंगलखात्याचे निर्बंध, सारा, कर्ज, धर्मविधींचा खर्च आणि विद्येचा अभाव ही सारी एकाच दुरवस्थेची अंगे म्हणून मांडली. डॉ. आंबेडकरांनी १९१८ साली लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. शेतीचे तुकडे का पडतात, याचे उत्तर इतर जण वारसाहक्काच्या कायद्यात शोधत होते. आंबेडकरांनी ते शेतीबाहेर, उद्योगांच्या अभावात शोधले आणि उपायही औद्योगिकीकरणाचा सांगितला. दुखणे एका ठिकाणी आणि मूळ दुसऱ्या ठिकाणी, हे ओळखण्याची ही परंपरा घरचीच आहे.

समाजवादी जगातही याचा एक प्रयोग झाला. चिलीत अध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारने १९७१ मध्ये स्टॅफर्ड बीअर या इंग्रज तज्ज्ञाला पाचारण केले आणि राष्ट्रीयीकृत कारखाने टेलेक्सने जोडण्यास प्रारंभ केला. १९७२ च्या ऑक्टोबरात मालमोटारींच्या मालकांनी संप पुकारला, तेव्हा उरलेली वाहने कोठे वळवावीत हे ठरवायला त्याच जाळ्याचा उपयोग झाला. आपल्या कारखान्याचे चित्र कामगारांनीच रेखाटावे अशी बीअर यांची इच्छा होती. प्रत्यक्षात ते काम बहुतांशी अभियंत्यांनीच केले. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाने तो सारा प्रयोग चिरडला. परंतु चित्र कोणी काढायचे, हा त्याने मागे ठेवलेला प्रश्न शिल्लकच आहे.

साखळी न पाहण्याची किंमत या दोन जिल्ह्यांनी मोजलेली आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून, तीनशेहून अधिक किलोमीटरवरून, रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाऊस कमी झाला होता हे खरे. पण त्याच खोऱ्यात ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले आणि बोअरमागून बोअर घेतले गेले. यांतील प्रत्येक निर्णय वेगवेगळ्या कचेरीत, वेगवेगळ्या वर्षी झाला होता. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले; त्यांत बारा नवजात अर्भके होती. औषधांचा पुरवठा, रिकाम्या जागा, आसपासच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणातून अखेरच्या घटकेला येणारे रुग्ण, असे अनेक धागे चर्चेत आले आणि उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. त्याच सुमारास एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले. समोर दिसणारा माणूस पकडावा, त्याला शिक्षा करावी आणि प्रश्न सुटला असे मानावे, या वृत्तीचा याहून बोलका नमुना मिळणे कठीण.

मग शिकाऊ उमेदवाराला ही दृष्टी आली आहे की नाही, हे ओळखायचे कसे? संगणकावर चार पर्यायांपैकी एक निवडण्याच्या परीक्षेने ते कळणार नाही. कारण तेथे प्रश्न आधीच कापून-छाटून दिलेला असतो, आणि प्रश्न कोठवर पसरला आहे हे ठरवणे हीच तर येथे परीक्षा आहे. केवळ तोंडी परीक्षाही धोक्याची. तीत शहरी, बोलघेवडा मुलगा मोठमोठे शब्द फेकून पार होईल, आणि तांड्यावरचा गोरमाटी बोलणारा किंवा देगलूर-धर्माबादकडचा तेलुगू घरातला मुलगा, ज्याने साखळी हातांनी चाचपली आहे, तो गप्प राहिला म्हणून नापास होईल.

यावर एक व्यवहार्य मार्ग आहे. हाताच्या कामाची चाचणी आजच्यासारखीच आधी आणि सक्तीची असावी. अर्थिंग न तपासता खांबावर चढणाऱ्याला समग्र दृष्टीचे गुण देऊन वाचवता येत नाही. ती उत्तीर्ण झाल्यावर प्रत्येक उमेदवाराकडे एक डीपी एका रब्बी हंगामापुरती सोपवावी. तिच्यावर पंप किती, मंजुरी किती, शेवटच्या खांबावर दाब किती, बिघाड कोणत्या तारखेला आणि किती वाजता झाला, याची त्याने वही ठेवावी. हंगामाअखेर त्याने साखळीचे चित्र काढावे आणि चित्रातल्या प्रत्येक बाणापुढे आपण स्वतः काय पाहिले ते लिहावे. जेथे पाहिलेले काही नाही, तेथे तो बाण पुसावा. आपला पहिला तर्क काय होता आणि तो कोठे चुकला, हेही त्याने सांगावे. ज्याचा तर्क सहा महिन्यांत एकदाही बदलला नाही, त्याने बहुधा पाहिलेलेच नसते. आणि तो कोणाकोणाला भेटला? टोकाच्या शेतकऱ्याला, उपकेंद्रातील ऑपरेटरला, त्याच डीपीवर ज्यांची नळयोजना अवलंबून आहे त्या भूमिहीन वस्तीतील बायांना? त्या बायांच्या नावावर पंप नाही, म्हणून त्या कोणत्याच नोंदीत येत नाहीत. डीपी जळाली की हंडा मात्र त्यांच्याच डोक्यावर येतो. त्यांना चित्रात जागा देणारा उमेदवार पुष्कळ शिकला आहे असे समजावे.

परीक्षक दोन असावेत. नांदेडच्या उमेदवारासाठी लातूरचा तंत्रज्ञ आणि लातूरच्या उमेदवारासाठी नांदेडचा, म्हणजे शिकवणारा आणि पारखणारा एकच राहणार नाही. दुसरा परीक्षक वीज वापरणाऱ्यांपैकी असावा. दोघांनी आधी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि मतभेद झाल्यास कारणे लिहून द्यावीत. प्रश्नोत्तरे डीपीखाली उभे राहून, उमेदवाराच्या भाषेत व्हावीत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की वायरमनने आपले काम करावे, पाणी आणि पीक यांच्याशी त्याला काय करायचे? त्याला उत्तर इतकेच की वरिष्ठांच्या कचेरीत जी माहिती पोहोचत नाही, ती त्याच्या डोळ्यांपुढे असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सारी व्यवस्थाच दोषी म्हटले की कोणीच दोषी राहत नाही, आणि सत्ताधाऱ्यांना हेच हवे असते. म्हणूनच उमेदवाराच्या वहीत अखेरचे पान असे असावे, की ज्यावर आपल्या हातात काय आहे, गावाच्या हातात काय आहे आणि वरच्या कोणत्या पदावर कोणता निर्णय अडला आहे, हे वेगवेगळे लिहिलेले असेल. साखळी दाखवायची ती जबाबदारी कोठे आहे हे नेमके सांगण्यासाठी.

आणि येथेच खरी अडचण उभी राहते. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे कायद्याचे अठरावे कलम सांगते. सुरक्षा आणि नुकसानभरपाई वगळता कामगार कायद्यांचे छत्र त्याच्यावर नाही. नोकरी देण्याचे बंधन मालकावर मुळातच नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाने आपले भरतीचे धोरण स्वतः ठरवावे एवढेच म्हटले. इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले, पण प्राधान्य मिळण्यासाठी आधी प्रमाणपत्र हवे, आणि प्रमाणपत्राची वाट वरिष्ठांच्या शेऱ्यावरून जाते. अशा स्थितीत वीस वर्षांच्या मुलाने नव्या डीपीची मागणी वरच्या टेबलावर दोन वर्षे पडून असल्याचे सापडले, तर ते वहीत लिहावे की लिहू नये? खरे लिहिले तर नोकरी जाण्याची भीती, आणि न लिहिले तर परीक्षाच खोटी.

म्हणून या परीक्षेची पहिली अट शिक्षणशास्त्रात शोधून चालणार नाही. वहीत लिहिलेल्या निरीक्षणावरून उमेदवाराचे प्रमाणपत्र रोखता येणार नाही, असे लेखी संरक्षण त्याला मिळाले पाहिजे. ती वही ग्रामसभेपुढे ठेवली गेली पाहिजे. आणि तिच्यातील शेवटच्या पानाला संबंधित कचेरीने ठरावीक मुदतीत उत्तर दिले पाहिजे. कामगार संघटनांनी आजवर शिकाऊ उमेदवारांना आपले सभासद मानले नाही. त्यांनी आता विद्यावेतनाच्या मागणीबरोबरच या संरक्षणाची मागणीही हाती घ्यावी. येत्या रब्बीत दोन्ही जिल्ह्यांत एकेका तालुक्यापासून आरंभ करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एक वही, दोन परीक्षक आणि मुलाने लिहिलेले खरे वाचण्याची तयारी एवढे पुरेसे आहे.