रक्त तपासा, मान खाली घालू नका

दोस्तहो, एचआयव्ही म्हटलं की आपली पोरं जमिनीकडं बघतात. का? १९८६ साली मद्रासमध्ये देशातली पहिली लागण सापडली, ती धंद्यातल्या बायांच्या रक्तात. तेव्हापासून सभ्य लोकांनी या रोगाला चारित्र्याचा शिक्का मारला. विषाणू चारित्र्य बघत नाही. चेहऱ्यावरही दिसत नाही. वर्षानुवर्षं अंगात गुपचूप राहतो. ताजी लागण सुरुवातीचे काही आठवडे तपासणीत सापडतही नाही. म्हणून एकदा तपासून भागत नाही. जोखीम चालू असेल तर दर सहा महिन्यांनी तपासायचं.

सरकारी केंद्रात तपासणी फुकट, औषधंही फुकट. मग अडतं कुठं? केंद्र कामाच्या वेळेत उघडं, म्हणजे रोजंदारीवाल्याचा खाडा. रांगेत वस्तीतलंच कुणी भेटतं. आणि उद्यापासून आपला कप वेगळा ठेवतील, ही धास्ती. वेगळा कप म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको!

२०१७ चा कायदा सांगतो: संमतीशिवाय तपासणी नाही, नाव फोडायचं नाही, एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून हाकलायचं नाही. हा कायदा वस्तीच्या भिंतीवर लिहा. संध्याकाळी केंद्र उघडं पाहिजे, ही मागणी लावून धरा. आणि आपल्यातच कुणाचा कप वेगळा ठेवला, तर त्याच कपातून आपण चहा प्यायचा. सगळ्यांसमोर.