परिचारिका संघटनेच्या नव्या नेतृत्वापुढील दायित्व



परिचारिकांच्या संघटनेत नवे पदाधिकारी सूत्रे स्वीकारतात, तेव्हा समई उजळते, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण होतो आणि सेवाभावाचा गौरव केला जातो. त्यात वावगे काही नाही. परंतु ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या देशव्यापी संघटनेची व तिच्या राज्य शाखांची धुरा जे जे वाहतील, त्यांच्यापुढचे काम बरेच रुक्ष आहे. त्याचा संबंध पगारपत्रकाशी आहे.

ही संघटना १९०८ सालची. स्वातंत्र्यपूर्व काळापासून प्रशिक्षण आणि नोंदणी हेच तिचे मुख्य आग्रह राहिले. वेतनाचा प्रश्न घेऊन ती सर्वोच्च न्यायालयात गेली ती २०११ मध्ये. खासगी रुग्णालयांत परिचारिकांना मिळणारे तुटपुंजे वेतन आणि तेथील कामाची स्थिती हा त्या याचिकेचा विषय होता. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. समितीच्या शिफारशी नेमक्या होत्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे. पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी ते दरमहा २० हजारांच्या खाली जाऊ नये. मात्र आरोग्य हा राज्यांचा विषय. केंद्राने शिफारशी राज्यांकडे धाडल्या आणि पुढचे राज्यांवर सोपवले.

केरळमध्ये परिचारिका संघटित होऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा २०१८ मध्ये तेथील सरकारने किमान २० हजारांची अधिसूचना काढली. न्यायालयाने वाट दाखवली, पण ती चालावी लागली परिचारिकांनाच. अन्य राज्यांतील शाखांनी यातून काय घेतले, हा प्रश्न काहीसा अवघड वाटेल. तरी तो विचारलाच पाहिजे.

'सेवा' हा शब्द आपल्या समाजात पवित्र आहे आणि म्हणूनच त्याचा गैरवापर सोपा होतो. वेतनवाढ मागणाऱ्या परिचारिकेला तिच्या व्रताची आठवण करून देणारे व्यवस्थापन स्वतः मात्र व्रतस्थ नसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली सुमारे ४१ वर्षे परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलता पाहिले नव्हते, त्यांनीही केली. सेवाभावाचा याहून मोठा पुरावा कोणी मागू नये. परंतु त्या संध्याकाळी अरुणा कपडे बदलण्यासाठी तळघरात गेल्या होत्या, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

१९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. त्यात शिक्षणाचा दर्जा आणि अद्ययावत नोंदवहीची तरतूद आहे; पगाराचा प्रश्न त्याने सुटणार नाही. म्हणून नव्या पदाधिकाऱ्यांनी पहिल्या वर्षी एखादी मोठी परिषद कमी भरवली तरी चालेल. प्रत्येक जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांची यादी करावी. किती खाटा, किती परिचारिका, हाती प्रत्यक्ष पडणारे वेतन किती, रात्रपाळीनंतर घरी पोहोचण्याची सोय कोणती, कपडे बदलण्यास दाराला कडी असलेली खोली आहे की नाही, एवढे त्यात लिहावे आणि ती यादी राज्याच्या आरोग्यमंत्र्यांच्या मेजावर ठेवावी.